तात्यांचा झाडवाला उंट

तात्या राणे अंगाला साबण लावायच्या आधी साबणावर तारीख कोरायचे. खिळ्याने. एका बाजूला 'मिळालं' आणि तारीख, दुसऱ्या बाजूला 'वापर सुरू' आणि तारीख. चार दिवसांत दोन्ही तारखा फेसात जायच्या, तरी पुढच्या वडीवर कोरकाम चालूच. चपला, बादली, लोणच्याची बरणी, छत्री (दोह्यात छत्री!), सगळ्यांच्या पोटावर या दोन ओळी. मी एकदा विचारलं, "तात्या, काकींवर पण तारीख घातलीय का?"

"मंगळसूत्र कशाक असता मगे?" तात्या म्हणाले आणि आंघोळीला गेले.

ऐंशी सालानंतरच्या एकदोन वर्षांतली गोष्ट. आम्ही दोघं दोह्यात एकाच अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, कामाला होतो. तात्या गोडाऊन सांभाळायचे, मी टेलेक्सच्या मशीनवर परदेशी निरोप बडवायचो. ते मालवणकडचे, मी सांगोल्याचा. शुक्रवारी मेसमध्ये मी अख्ख्या ऑफिसच्या नकला करायचो आणि तात्या हा माझा हुकमी आयटम. मान तिरकी, दोनदा खाकरायचं, बोट वर: "झिला, आधी नोंद, मगे बोंब!" पोरं लोळायची. तात्याही हसायचे, वर दुरुस्ती करायचे. "मी तीनदा खाकरतंय. दोनदा न्हय."

अरबाबचा धंदा बखूरचा. बखूर म्हणजे अरबांचा धूप, अत्तरात मुरवलेले लाकडाचे तुकडे. निखाऱ्यावर टाकले की घरभर वास. हा माल पत्र्याच्या गोल डब्यांतून आफ्रिकेत, डाकारच्या एका व्यापाऱ्याकडे जायचा. डब्यावर चित्र होतं एका उंटाचं.

आता उंट म्हणजे काय उंट! शेळीसारखे पाय, म्हशीसारखं तोंड, पाठीवर कुबडाच्या जागी चक्क डोंगर, डोंगरावर माडाचं झाड, आणि झाडाला तीन नारळ.

हे चित्र तात्यांच्या शालूने काढलेलं, वयाच्या पाचव्या वर्षी. तात्या नवीनच दोह्यात आले होते. पोरीला पत्रात लिहिलं, इथे उंट असतो, त्याच्या पाठीवर डोंगर असतो. पोरीने आयुष्यात उंट बघितला नव्हता, पण डोंगर घरामागेच होता. आणि डोंगर म्हटला की वर माड आलाच. चित्र पाकिटातून दोह्याला आलं आणि तात्यांच्या खिशात बसलं.

नेमकं त्याच आठवड्यात प्रेसवाला लेबलसाठी चित्र मागत होता. अरबाबने कागद बघितला. "तात्या, ये कैसा जमल है? इसके ऊपर शजर कायको?" जमल म्हणजे उंट, शजर म्हणजे झाड. विचारलं आणि असा हसला, असा हसला की डोळे पुसायला डोक्यावरचा रुमाल खाली ओढला. "खलास! येही डालो!"

तिकडच्या बायकांना डब्यावरची अक्षरं वाचायची गरजच पडेना. दुकानात जाऊन म्हणायच्या, झाडवाला उंट द्या. अकरा-बारा वर्षं मस्त चाललं.

मग डाकारच्या व्यापाऱ्याने एक डबी पाठवली. वास भिकार, पण रंग आमचाच, आकार आमचाच, आणि वर उंट. फक्त हा उंट शहाणा. कुबड कुबडासारखं, पाय उंटाचे, आणि माड मागे जमिनीवर नीट उभा. कुणीतरी आमचा उंट सरळ करून बाजारात आणला होता.

अरबाब वैतागला. "यल्ला, नया लेबल बनाओ. सक्र!" सक्र म्हणजे ससाणा. प्रत्येक अरबाला शेवटी ससाणाच सुचतो.

तात्या खाकरले. तीनदा. "अरबाब, छे महिना दो. मैं इसको पक्का करता है."

"इन्शाल्ला," अरबाब म्हणाला. पण ससाण्याची ऑर्डर प्रेसमध्ये गेली, फक्त छापायची थांबली. म्हणजे उंटाच्या डोक्यावर ससाणा घिरट्या घालतच होता.

दुसऱ्या दिवसापासून तात्या पेटले. शेजारच्या फार्मसीत एक लेबनीज होता, त्याला फ्रेंच यायचं. तात्या लोणच्याची बरणी घेऊन त्याच्याकडे गेले आणि माहिती घेऊन आले. तिकडे फ्रेंच चालणाऱ्या डझनभर देशांचं मिळून ट्रेडमार्कचं एकच ऑफिस, कॅमेरूनमध्ये, याउंदे गावी. तिथे एक अर्ज टाकला की सगळ्या देशांत नोंद.

"झिला, एका अर्जात डझनभर देश!" तात्यांचा आवाज फाटला. "माझ्या रेशनकार्डावर शालूचा नाव चढवूक चार खेपा मारल्या मी!"

याउंदेत एक वकील धरला. मी टेलेक्स करायचो, तो फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचा, लेबनीज लोणचं चाटत वाचून दाखवायचा. पहिलंच उत्तर डोक्यात धोंडा घालणारं होतं. नकली डबीवाल्याने आधीच अर्ज टाकलाय. त्याचा सरळ उंट नोंदला गेलाय आणि ऑफिसच्या गॅझेटात छापूनही आलाय. म्हणजे कागदावर आता तो असली, आम्ही नकली.

तात्या खुर्चीत बसले. आधी नोंद, मगे बोंब म्हणणाऱ्या माणसाची नोंदच राहिली होती.

पण वकिलाने खाली आणखी एक ओळ लिहिली होती. चित्र आम्ही आधीपासून वापरतोय आणि ते त्या माणसाला माहीत होतं, असं दाखवलं तर हक्क आमचा. मात्र छापून आल्यापासून सहा महिन्यांत स्वतःचा अर्ज टाकून दावा करा. आणि पुरावा द्या.

"पुरावो?" तात्या उठले. "चल."

गोडाऊनच्या मागच्या फळीवर पहिल्या खेपेपासूनच्या प्रत्येक मालाची एकेक डबी ओळीत उभी होती. प्रत्येकीच्या बुडाला खिळ्याने दोन तारखा. शेजारी जहाजाच्या कागदांच्या कॉप्या, सुतळीने बांधलेल्या. ज्या खिळ्यावर मी दर शुक्रवारी टाळ्या घेत होतो, तोच खिळा आता याउंदेला साक्ष द्यायला निघाला.

"पण त्याला माहीत होतं हे कसं दाखवणार?" मी विचारलं.

तात्यांनी नकली डबी माझ्या नाकापुढे धरली. "नारळ मोज."

तीन.

"उंट त्याणा सरळ केल्यान. माड खाली उतरवल्यान. पण उंटाच्या चित्रात माड कित्याक? माणूस खजूर काढीत. माड, तो पण तीन नारळाचो? आमचो बघितल्याशिवाय कोणाक सुचतलो?"

हे सगळं मी इंग्रजीत ठोकून पाठवलं. वकील खूश. पण त्याचं एक म्हणणं होतं. अर्जात चित्राचं वर्णन लिहायचंय आणि हा प्राणी नक्की कोण ते त्याला कळत नाहीये. शिवाय झाड पाठीवर आलंय ती चित्रकाराची चूक दिसते. नवीन अर्जात ती सुधारून घेऊ या का?

असे तापलेले तात्या मी कधी बघितले नव्हते. माझ्या मशीनवर हात आपटून म्हणाले, "लिही. माड हंयच रवतलो!"

मी लिहिलं: ट्री विल स्टे. कोकोनट्स थ्री. ॲनिमल इज कॅमल.

अरबाबलाही ती सुधारणा बरी वाटत होती. "तात्या, अच्छा जमल बनवा लो ना किसी से. काम जल्दी होयेंगा." तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "अच्छा जमल नहीं मिलता, अरबाब." मला हसू आलं. त्या शुक्रवारी मेसमध्ये याचीही नक्कल झाली.

अर्ज वेळेत पडला. मग वाट बघणं. तात्या रोज पोस्टाच्या पेटीकडे जायचे आणि हात हलवत परत यायचे. डाकारला जाणारा माल कमी होत गेला. प्रेसवाला दोनदा विचारून गेला, ससाणा छापू का? तात्यांनी त्याला दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला.

जवळपास वर्षाने जाडजूड पाकीट आलं. लेबनीजने वाचलं आणि तात्यांना मिठीच मारली. नकली डबीवाल्याची नोंद रद्द, आमची पक्की. शिक्का, सही, आणि मधोमध शालूचा उंट, डोंगरासकट, माडासकट. अरबाबने सगळ्यांना मंदी, म्हणजे अरबी मटण-भात, खाऊ घातली. ससाणा प्रेसमध्येच मेला.

"झिला, सर्टिफिकेटाची एक कॉपी काढ," तात्या म्हणाले. "आणि माझ्या खणातला पाकीट घे. पत्तो इंग्लिशमध्ये घाल."

मी खण उघडला. पाकिटाखाली एक कागद होता. त्यावर उंट. काय सुंदर उंट! मान डौलदार, कुबड जिथल्या तिथे, मागे वाळूच्या रेषा. कोपऱ्यात मुलीच्या अक्षरात लिहिलेलं: 'बाबा, माझं ते बाळबोध चित्र डब्यांवर बघून लाज वाटते. हे घ्या, नीट काढलंय. शालू.'

मी कागद उलटा केला. खाली पेनने 'मिळालं' आणि तारीख. अर्ज टाकायच्या कितीतरी आधीची. त्याखाली 'वापर सुरू', आणि पुढे कोरं.

"तात्या, हा तर तेव्हाच होता तुमच्याकडे," मी म्हणालो. "अरबाब मागत होता तोच अच्छा जमल."

तात्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडीवर घडी घातली.

"ह्यो कोणीय काढतलो. ता चेडू आता कॉलेजात जाता. चित्रां बरी काढता." घडी खणात टाकली. "दोन वर्षांनी एकदा जातंय मी, चाळीस दिवस. दर खेपेक वेगळाच कोण तरी दार उघडता. ज्या चेडवान डोंगरावर माड काढल्यान, ता माका परत गावला नाय."

खाकरले. एकदाच.

मी कॉपी काढून आणली. पाकिटात आधीच एक चिठ्ठी होती, उघडीच. बोलायला कितीही मालवणी असले तरी पत्रात तात्या शुद्ध लिहायचे. एकच ओळ होती: 'चि. शालू, तुझा उंट आता कुणालाही सरळ करता येणार नाही.'

आणि खाली, सवयीने, तारीख.