घरचं माणूस

खुशालरावांनी दांडपट्टा फिरवला. विटेवर ठेवलेलं लिंबू मधोमध कापलं गेलं आणि वीट जागची हलली नाही. चंद्रभान वस्ताद म्हणाले, "जमलं. आता दसऱ्याले लोकाईसमोर, तळहातावरचं लिंबू. अन् हात घरच्या माणसाचा पाह्यजे."

"घरच्याचाच काहून?"

"लागलं-गिगलं त भांडण घरातल्या घरात राह्यते. आपल्या तालमीची रीतच हाये तशी."

अकोल्याच्या जुन्या शहरात खुशालरावांची एक खोली होती आणि तिच्यात घरचं माणूस म्हणून ते एकटेच होते. बायको जाऊन बरेच दिवस झाले होते. पन्नाशीत ते पट्टा शिकायला गेले, तेही शौर्याच्या हौसेनं नव्हे. कापसाच्या जिनातली कारकुनी सुटली की संध्याकाळ खायला उठायची, आणि तालमीत निदान नाव घेऊन शिव्या देणारं कोणीतरी होतं. मनगट सुजलं, खांदा आखडला, पण गडी हटला नाही.

रविवारी ते पातूरला लेकीकडे गेले. जावई भगवंतरावांनी जेवता जेवता सगळं ऐकलं आणि हात मांडीखाली घेतला.

"मामाजी, उजव्या हाताचं लय काम असते मले."

"मंग डावा द्या."

"डाव्याचंई असते."

जिनातले जानराव मात्र तयार झाले. फक्त लिंबू चिमट्यात धरीन म्हणाले. तोवर गल्लीभर झालं होतं की खुशालराव माणसाचा हात मागत फिरून राहिले. वाण्यानं त्यांना लिंबं देणं बंद केलं. हात जोडून रामराम करणारे आता हात पाठीमागे धरून नुसती मान हलवू लागले. दिवसाकाठी मिळणारे चार रामरामही गेले, याचं खुशालरावांना फार वाईट वाटलं.

एकोणीसशे एकसष्टच्या दसऱ्याला ते मैदानात उभे राहिले. वस्तादांनी विचारलं, "घरचं माणूस?"

"नाही कोनी," खुशालराव म्हणाले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शेजारच्या गोदाबाई पुढे आल्या. त्या विधवा, मुलगा नागपूरला गेला तो फिरकला नव्हता. मोरीच्या पाण्यावरून भांडण्यापलीकडे खुशालरावांचं त्यांच्याशी कधी बोलणं नव्हतं.

"ह्या तुमच्या घरच्या काय?" वस्तादांनी विचारलं.

"भिंत एकच हाये आमची," गोदाबाई म्हणाल्या. "याईच्या खोकल्यानं माही झोप मोडते. आनखी कसं राह्यते घरचं माणूस?"

त्यांनी तळहात पुढे केला. खुशालरावांनी पट्टा उचलला. विटेला लागण्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. त्यांनी पट्टा खाली केला.

"नापास!" वस्ताद ओरडले.

घरी जाताना गोदाबाई तणतणत होत्या. "मी धीर करून आली, अन् तुमीच भेले! उद्यापासून रोज सकाळी लिंबू धरतो मी. कसं जमत नाही, पाहू!"

मग रोज सकाळी अंगणात लिंबू कापलं जाऊ लागलं. कापलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून सरबत झालं. नुसतं सरबत कसं प्यायचं, म्हणून गप्पा झाल्या. पोळ्यापर्यंत हात असा बसला, की लिंबू कापलं गेल्याचं गोदाबाईंना सरबत पितानाच कळायचं.

पुढच्या दसऱ्याला मैदान भरलं. गोदाबाईंनी हात पुढे केला. खुशालरावांनी लिंबाकडे पाहिलं, गोदाबाईंकडे पाहिलं, आणि पट्टा चांगला वीतभर वरून फिरवला. लिंबू होतं तिथंच राहिलं.

"नापास!" वस्ताद कडाडले. "आनखी एक वर्ष मेहनत!"

गोदाबाई अजिबात रागावल्या नाहीत.

"आता करता काय," त्या म्हणाल्या. "उद्या जरा लवकर उठजा."