आबांची काडी आणि फोनमधली बाई

प्रज्वलच्या दातांवरून घरात रोज सकाळी बोलणं व्हायचं. नववीतलं पोरगं, ओठावर नुकती मिशी दिसू लागलेली. केसांसाठी आरशासमोर पाव तास उभं राहायचं, दातांसाठी मात्र त्याला वेळ नसायचा. ब्रश नळाखाली ओला करायचा आणि परत डब्यात ठेवायचा, एवढीच त्याची दंतसेवा. आई राखी ब्रशला बोट लावून पाहायची, तो ओला लागायचा, आणि तिचं बोलणं तिथंच थांबायचं.

मग शाळेत विज्ञानाच्या वीरेंद्र सरांनी सगळ्या मुलांना ‘चकाचक’ नावाचं अ‍ॅप घ्यायला लावलं. फोन जवळ ठेवून दात घासायला लागायचं. घासण्याचा आवाज ऐकून अ‍ॅप वेळ मोजायचं, आणि आतली बाई गोड आवाजात म्हणायची, “छान! असंच सुरू ठेवा.” दोन मिनिटं झाली की एक तारा. कुणाला किती तारे, ते सरांना आणि सगळ्या वर्गाला दिसायचं. पहिल्या आठवड्यात प्रज्वलच्या नावापुढे एकही तारा नव्हता. ज्याला तारा नाही त्याच्या बापानं शाळेत भेटायला यावं, असा सरांचा निरोप आला.

“म्या काय सांगू सरले?” त्याचा बाप राजू पोरावर कावला. “माह्या पोट्ट्याले दात घासता येत नाही, हे सांगाले शाळेत जाऊ?”

“नका जाऊ, बाबा. उद्यापासून पाहा तुमी,” प्रज्वल म्हणाला.

त्याला उपाय सापडला होता, आणि तो ओट्यावर बसलेला होता. प्रज्वलचे आजोबा, जगदेव आबा, रोज सकाळी गोठ्यातलं काम उरकून ओट्यावर कडुलिंबाची काडी घेऊन बसत. आसेगावात त्यांच्या गल्लीत कधीकाळी या ओट्यावर जागा मिळत नसे. सगळे बाप्ये तोंडात काडी धरून ओळीनं बसायचे. पेरणी, सोयरीक, कुणाची म्हैस व्याली, सगळं तिथं निघायचं. दात केव्हाच स्वच्छ झालेले असत, पण गोष्ट संपल्याशिवाय काडी टाकायची नाही असा रिवाज होता. चावून चावून टोक झिजलं की ते तोडायचं, नवं टोक चावायला घ्यायचं आणि पुढं ऐकायचं. फार बरे दिवस होते ते.

पुढे एकेक जण कमी होत गेला. शेवटी आबा आणि शेजारचे रामधन असे दोघंच उरले. रामधनला एका कानानं ऐकू येत नसे आणि तो नेमका तोच कान आबांकडे करून बसे. तरी मधूनमधून मान हलवून “बराबर हाय” म्हणायला तो चुकत नसे. मागच्या दिवाळीनंतर रामधनही गेला. तेव्हापासून आबा एकटेच बसत, आणि एकट्याची काडी फार लवकर आटपे.

प्रज्वलनं फोन ओट्याच्या कोनाड्यात ठेवला.

“आबा, इथंच रेंज भेटते. हात नका लावू.”

“मी कायले लावतो बे,” आबा म्हणाले आणि काडी चावू लागले.

फोनमधून आवाज आला, “छान! असंच सुरू ठेवा.” आबांनी दचकून इकडंतिकडं पाहिलं, सदऱ्याची बटणं लावली आणि नीट मांडी घालून बसले. प्रज्वल घरात जाऊन पुन्हा झोपला.

काही दिवसांतच तो ताऱ्यांत वर्गात पहिला आला. सरांनी सगळ्यांसमोर त्याला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. राखीनं मानोऱ्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं, “माह्या प्रज्वलले आता दाताचं लय ध्यान हाय.” प्रज्वल सगळ्यांकडे पाहून हसायचा, पण तोंड मिटून.

हे असंच चालून गेलं असतं. पण ओट्यावर पुन्हा सोबत मिळाल्यामुळे आबांची काडी हळूहळू जुन्या वेळेवर आली. जुनी वेळ म्हणजे ओट्यावर ऊन येईपर्यंत. बिचारं अ‍ॅप घाबरलं. त्यानं सरांना कळवलं, आणि सरांनी राजूला: “प्रज्वल रोज तासाहून जास्त वेळ दात घासतो आहे. अशानं हिरड्या झिजतात. त्याला रागावू नका, प्रेमानं घ्या. दंतवैद्याला जरूर दाखवा.”

राजूनं हे बायकोला वाचून दाखवलं.

“तासभर घासते, तं मंग पेस्ट काहून सरून नाही राह्यली?” राजूनं विचारलं.

“कोरडंच घासत असन,” राखीचे डोळे भरून आले. “अभ्यासाचं टेन्शन घेतलं असन लेकरानं. तुमीच बोलता त्याले सारखं.”

त्या दिवशी प्रज्वलला कुणी एक शब्द बोललं नाही. राखीनं त्याला शिरा करून घातला. बाजाराच्या दिवशी तिघं जीपनं शेलूबाजारला दंतवैद्याकडे गेले. जीपमध्ये राजूनं पोराला खिडकीची जागा दिली, तेव्हा मात्र प्रज्वलला भीती वाटू लागली.

डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

“किती वेळ घासतो म्हणता?”

“तासभर,” राखी काळजीनं म्हणाली.

“कशानं?”

राखी राजूकडे पाहू लागली. डॉक्टर म्हणाले, “दोन दाढा किडल्यात. मागच्या दातांना ब्रश कधी लागलेलाच नाही. सकाळी दोन मिनिटं, झोपताना दोन मिनिटं, एवढं केलं असतं तरी ही वेळ आली नसती.”

राजूनं पोराकडे पाहिलं. तोंडात डॉक्टरांचा आरसा होता म्हणून प्रज्वलला काही बोलावं लागलं नाही.

पोराला रंगेहाथ धरायचं राजूनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्याच्या बाजूला रचलेल्या तुरीच्या वाळक्या तुराट्यांआड जाऊन उभा राहिला. प्रज्वल डोळे चोळत आला, कोनाड्यात फोन ठेवला आणि आत गेला. आता याला अंथरुणातच धरतो म्हणून राजू निघणार, इतक्यात त्याचा बाप बोलू लागला.

“काल कुठं थांबलो होतो, बाई? हां, रामधनचा बैल.”

“छान! असंच सुरू ठेवा.”

“तं थो बैल आमी मानोऱ्याच्या बाजारात इकला. पाऊस लागला, जीप भेटेना, लय हाल झाले. घरी येऊन पाह्यतो, तं बैल आमच्या आधी येऊन गोठ्यात उभा.”

“आता वरचे दात घासा.”

“वरचे कवाच गेले, बाई. खालचे चार हायत, त्याईलेच घासून राह्यलो.”

“खूप छान!”

राजूला आधी हसू आलं. ही बैलाची गोष्ट त्यानं याच ओट्यावर, बापाच्या मांडीला टेकून, तोंडात कडूजहर काडी धरून कितीदा तरी ऐकली होती. तेव्हा रामधनकाका प्रत्येक वेळी नव्यानं हसायचा. मग राजूला वाईट वाटलं. रामधनकाका गेल्यापासून आपण बापाशेजारी एक दिवसही येऊन बसलो नाही, हे तुराट्यांआड उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, “तुमच्या हिरड्यांच्या काळजीसाठी हे खातं बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.”

“अवं बाई?” आबा वाकून फोनकडे पाहू लागले. “बैलाचं पुढचं राह्यलं ना.”

फोन काही बोलेना. राजू बाहेर आला.

“बाबा, थे मशीन हाय.”

“मले काय येडा समजतं काय बे?” आबा म्हणाले. “पह्यल्याच दिवशी समजलं. रामधन मेला म्हनलं तरी छान म्हने थे. पन रामधन तरी कुठं आयकत होता? थोही नुसता बराबर हायच म्हने.” त्यांनी काडी तोडली नाही, तशीच खाली ठेवली. “कोनी मधून मधून काही म्हनलं, म्हंजे बोलाले बरं वाटते.”

प्रज्वलला अंथरुणातून ओढून आणलं गेलं. व्हायचं ते बोलणं झालं. शेवटी राजूनं निकाल दिला, “उद्यापासून इथं, आबाजवळ बसून ब्रश कराचा. मीबी येतो डेअरीत दूध घालून.”

दुसऱ्या दिवशी राजू दूध घालून यायच्या आधीच प्रज्वल तोंड वाकडं करून ओट्यावर बसला. आबांनी बैल बाजारात नेला. प्रज्वल नालीवर थुंकायला उठला. आबांनी बैल विकला. प्रज्वल पुन्हा उठला.

“थे बाई बरी होती,” आबा म्हणाले. “सारखी थुकाले उठत नव्हती.”

दोन मिनिटं झाली. प्रज्वलनं चूळ भरली. आता तो आत जाणार हे आबांना दिसलं. बैल अजून वाटेतच होता, पण त्यांनी काडी टाकायला हात उचलला. प्रज्वल दारात थांबला. तो मागे आला, आबांजवळ मांडी घालून बसला आणि फोनमधल्या बाईसारखा गोड आवाज काढून म्हणाला, “छान! असंच सुरू ठेवा.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी काडीचं झिजलेलं टोक तोडलं.