उणा कंडेन्सर आणि बावीस बांगडे

"खाला, काटा कुठंपण फिरव, स्टेशन खणखणीत बोललंच पायजे," मजीदने छातीठोक सांगितलं. पंचावन्न साली मांडवीत रेडिओतलं त्याच्याइतकं कुणालाच कळत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. काय दिवस होते ते!

हाजराखालाचा मुलगा रमजान आफ्रिकेत मोंबासाला नोकरीला. ईदच्या दुपारी, आपल्याकडे चार वाजता, तिथल्या रेडिओवर तो नात, म्हणजे पैगंबरांची स्तुती, म्हणणार होता. पाच वर्षांत आईच्या कानावर त्याचा आवाज पडला नव्हता. पत्रात वेळ नीट होती, स्टेशनचा आकडा मात्र पाण्याने पुसून गेलेला.

म्हणजे काटा झरझर फिरवून शोधणं आलं. पण अंगणातली एरियलची तार निम्मा आवाज स्वतःच गिळायची. जहाजावर वायरलेस सांभाळलेल्या मजीदने त्यावर दोन व्हॉल्व्हचं सर्किट जोडलं. त्याला तो उणा कंडेन्सर म्हणे. तार जेवढं गिळते तेवढंच हा वजा करणार, काटा कुठेही असो. रतीभर जास्त वजा झालं, की सेट बोंबलणार. सकाळी तासभर खपून त्याने मेळ बरोब्बर जुळवला.

चारला दोन मिनिटं असताना सेट बोंबलला. पाठोपाठ शेजारच्या हुसेनचा रेडिओही त्याच सुरात बोंबलू लागला.

"मजीद, माझ्या पेटीत काय घातलंस?" हुसेन कुंपणावरून ओरडला.

घामाघूम मजीद अंगणात धावला. तार मोकळी होती.

"खाला, हितले बांगडे?"

"काढले. पोर नात म्हणणार नि वर मासळी लोंबत ऱ्हाणार? बरं दिसतं काय ता?"

मजीदने कपाळावर हात मारला. सकाळी तारेवर बावीस ओले बांगडे वाळत होते, आणि त्याने मेळ जुळवला होता तो त्यांच्यासकट! ते उतरले, म्हणजे गिळणारं कमी नि वजा जास्त. मांडवीत तारेवरच्या मासळीकडे बघतो कोण?

"टांगा परत!"

हुसेनही कुंपणावरून उडी मारून आला. बाविसावा बांगडा चढला आणि सेट गप्प झाला. मजीदने काटा फिरवला. नातेची शेवटची ओळ आली, मग खोकल्याची उबळ, मग निवेदकाने रमजानचं नाव घेतलं.

मजीदला रडू आलं. "माफ कर खाला, सगळी नात गेली."

खाला मात्र पदराने डोळे पुसत उठली.

"नात काय, घरी आला की म्हणील. पण खोकला हाय, ता पत्रात नाय कळवलंन मेल्याने. कागद घे, लिही."