‘जर’ या शब्दाच्या पाडावाची हकिकत

तमाम कचेरीकर, आजी-माजी सभासद आणि जिन्याखालील चहावाले यांस विदित व्हावे की, नगराध्यक्षसाहेबांच्या माफीनाम्यातील ‘जर’ या दोन अक्षरांवर जी मोहीम जाहली, ती जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही.

कारण ऐसे जे, अकरा वर्षांमागे साहेब साधे सभासद असता, एका निरोपसमारंभी त्यांनी माईक हाती घेऊन कचेरीच्या टंकलेखिकाबाईंच्या तोतरेपणाची नक्कल केली. सभागृह हसले, मग साहेबांनी पुन्हा केली. बाई तिसऱ्या रांगेत खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्या प्रसंगाचा व्हिडिओ कोणा खटपट्याने आता बाहेर काढिला आणि दोन प्रहरांत तो फोनोफोनी जाहला. विरोधी सरदार ‘राजीनामा’ म्हणोन दरवाजावर चालोन आले, आणि साहेबांची फौज ‘थट्टाच होती’ म्हणोन जिन्यात उभी ठाकली, आणि टपाल वाटणाऱ्या शिपायाचे मधल्यामध्ये बहुत हाल जाहले.

मग साहेबांनी मसलत करून माफीनामा लिहिला. दुसरा टंकलेखक रजेवर, सबब कागद बाईंकडेच आला. बाईंची जीभ अडखळे, बोटे अडखळत नसत. परंतु पहिलीच ओळ ‘माझ्या बोलण्याने जर कोणाचे मन दुखावले असेल’ ऐसी वाचिली आणि बोटे जागीच थांबली. मग बाईंनी ‘जर’ उठविला, ‘कोणाचे’ काढून ‘टंकलेखिकाबाईंचे’ बसविले, ‘दुखावले’ येथेच वाक्य संपविले आणि कागद हुजुरात रवाना केला.

साहेबांनी लाल शाईने ‘जर’ परत बसविला. बाईंनी परत उठविला. ऐसे चार हल्ले जाहले. तेव्हां स्वीय सहायक वकिलीस येऊन फर्मान सांगते जाहले की, हट्ट न सोडल्यास तळघरातील जुन्या दप्तरांवर बदली होईल, जेथे खिडकी नाही आणि पंखा नावाला आहे. निवृत्तीस दोन वर्षे उरलेली. तरी बाईंनी डबा, चष्मा आणि पाठीची उशी पिशवीत भरून तयारी ठेविली, ‘जर’ मात्र बसविला नाही.

अखेर साहेब जातीने बाईंच्या टेबलाशी आले. बसावयास खुर्ची नव्हती, उभेच राहिले.

“बाई, अकरा वर्षं झाली. त्या एका चेष्टेपायी पद सोडू का मी?”

“ते तु-तुम्ही ठरवा,” बाई म्हणाल्या. “पण मी तिथं बसले होते, साहेब. मी काही ज-ज-जर नव्हते.”

साहेबांनी कागद उचलिला, दोनदा वाचिला, खाली ठेविला. मग हळूच सांगू लागले की, लिहा, मी नक्कल केली, लोक हसले म्हणून पुन्हा केली, सबब मी पदाचा... आणि येथे त्यांची जीभ अडली. ‘रा’ इतकेच येई, पुढे काही येईना. जिन्यातील फौज कान देऊन उभी होती. शब्द कोणता ते बाईंस ठाऊक होते. तो चटकन पुरा करून देणारी माणसे त्यांनी जन्मभर सोसली होती. त्यांनी बोटे कळांवर ठेविली आणि साहेबांचा शब्द साहेबांच्याच तोंडून पुरा निघेतोवर शांत वाट पाहिली.

येणेप्रमाणे मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीपूर्वी, ‘जर’चा समूळ पाडाव जाहला. राजीनामा तीन ओळींचा, शुद्धलेखनाची चूक एक नाही. विरोधी सरदारांनी ही फत्ते आपल्या नावे लाविली, ते लटिके. फत्ते बाईंची, ऐसे दप्तरी कायम केले असे.