लाल छातीची मुंगी

"सर, कपाटातल्या मुंगीखाली तुम्ही चुकीचं नाव चिकटवलंय का?"

एवान्थियाने विचारलं आणि वर्ग गार पडला. पैज मैत्रिणींनीच लावली होती, पण ही बया खरंच विचारेल असं त्यांच्यातल्या पोलिक्सेनीलाही वाटलं नव्हतं. ती पाटी प्रोद्रोमोस सरांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिली होती : स्कुटेलारिस.

"स्कुटेलारिसचं फक्त डोकं लाल असतं, सर. आपल्या पेलिओन डोंगरातल्या मुंगीची छातीसुद्धा लाल. म्हणजे ही श्मिटी जातीची!"

"कपाटातली तर पार विटून गेलीय," सर म्हणाले. "सोमवारी जिवंत आणून दाखव. नाहीतर अथेन्सच्या संग्रहालयाची सहल विसर!"

रविवारी तिने ऑलिव्हच्या वाळक्या ओंडक्यातून शेपन्नास मुंग्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरल्या, खाऊ म्हणून संत्र्याच्या सालीचा मुरंबा घातला आणि बरणी गारव्याला फडताळात ठेवली.

पण त्याच दिवशी बाबांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण! त्या दिवशी बोलावणं कुणी धाडत नाही. दार उघडं ठेवायचं आणि येईल त्याच्यापुढे मुरंब्याची बशी करायची. अर्धं गाव खाऊन गेलं, आणि शेवटी कोण उगवलं? प्रोद्रोमोस सर!

"बसा सर, नवी बरणी काढते," म्हणत आईने झाकण उघडलं, चमचा घातला आणि किंचाळली. बरणी टेबलावर आडवी!

कांजी केलेल्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर मुंग्याच मुंग्या, त्याही शेपट्या डोक्यावर उगारून.

"शेपट्या कसल्या, पोटं आहेत ती!" एवान्थिया ओरडली. "बघा ना, बदामाच्या आकाराची!"

"पोट असो नाहीतर पाठ!" बाबांनी चप्पल उगारली.

"आर्सेनिस, खबरदार!" सर बाबांवर ओरडले.

सर टेबलावर पालथे पडले होते. एक मुंगी नाकाला कडकडून चावली, तरी ते हलले नाहीत.

"डोकं लाल... छाती लाल... पोट काळं." त्यांनी सुस्कारा सोडला. "श्मिटीच गं! वीस वर्षं मी पोरांकडून चुकीचं नाव घोकून घेतलं. अथेन्सला तू पहिल्या सीटवर बसायचंस!"

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. आई मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "झालं ना कौतुक? आता काढ यांना बाहेर."

एवान्थिया खुर्चीवर चढली.

"आई, बाबा, माझं ठरलंय! तुमचं औषधाचं दुकान मी चालवणार नाही, मी मुंग्यांची शास्त्रज्ञ होणार. आणि निम्म्याजणी ओट्यामागे शिरल्यात, तेव्हा आजपासून आपलं स्वयंपाकघर म्हणजे माझी प्रयोगशाळा!"