चौदाव्या मजल्याचा राजीनामा

सोमवारी सकाळी चौदाव्या मजल्याने राजीनामा दिला आणि शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता आपण ऐरोलीच्या एका नव्या टॉवरमध्ये रुजू होत असल्याचं कळवलं.

यात नवल नव्हतं. वर्षभरात नरिमन पॉइंटच्या त्या गल्लीतले अकरा मजले असेच निघून गेले होते. कंपन्या आधी गेल्या, मागोमाग मजले. पण वृंदा तांडेलला ते परवडणारं नव्हतं. ती त्या मजल्याची सुपरवायझर. मजला जाईल तिकडे तिची नोकरी जाणार, आणि वडील तर अंथरुणाला खिळलेले. रोज दुपारी ती मच्छिमार नगरात चालत जाऊन त्यांना भरवून यायची. ऐरोलीहून कसं यायचं?

तिनं राजीनामा इमारतीचे मॅनेजर गद्रेसाहेब यांच्यापुढे ठेवला.

"सही बघा," साहेब म्हणाले. "'आपला, तेरावा मजला.' आपल्याकडे तेरावा आहे?"

"नाही साहेब."

बारानंतर चौदा. लिफ्टच्या बटणांवर, पाट्यांवर, ब्रोकरांच्या माहितीपत्रकांत. तेरा म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून तो आकडा बांधतानाच गाळला होता.

"मग नसलेल्या मजल्याचा राजीनामा मंजूर कसा करू?"

"म्हणजे तो जाणार नाही?"

"जाईल की. नसलेल्याला अडवणार कोण? भाडेकरू आणा, थांबला तर थांबला."

वृंदानं वर जाऊन रिकाम्या हॉलमधला इंटरकॉम उचलला.

"थांबा ना हो. माणसं आणते मी."

"माणसांचं नाही, वृंदाताई," मजला म्हणाला. "रिकामपण सोसलं असतं. सोळा वर्षं दुसऱ्याचा नंबर लावून उभा आहे. एकदा तरी कुणी सरळ तेरावा म्हणायचं होतं."

"ऐरोलीत म्हणतील?"

"तिथं मी चौथा. पण खराखुरा चौथा."

तिनं चार दिवस ब्रोकरांना फोन केले. शुक्रवारी साडेचारला मस्कारेन्हस नावाच्या बाई धापा टाकत जिन्यानं वर आल्या. त्यांना वकिलीचं ऑफिस थाटायचं होतं. खिडकीतून समुद्र पाहून त्या खूश झाल्या.

"मी मोजत आले. हा तेरावा, बरोबर? मला तेराच हवा. आमच्या सेंट अँथनीचा आकडा आहे, त्यांचा सण तेरा जूनला असतो."

"छे छे मॅडम!" वृंदा घाईघाईनं म्हणाली. सोळा वर्षांची सवय. "चौदावा. तेरावा आमच्याकडे नाहीच."

बोलून झाल्यावर तिला कळलं. हॉलमधले दिवे एकदम गेले.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि लिफ्टनं उतरल्या. पाच वाजता मजलाही गेला.

सोमवारपर्यंत वरचे सगळे मजले एकेक पायरी खाली आले होते. पंधरावा चौदाव्याच्या जागी बसला होता, तोही रिकामाच. गद्रेसाहेबांनी त्यावर चौदाची पाटी ठोकून घेतली.

"हा सांभाळा. तुमची बदली तूर्त थांबवली आहे, पण हाही गेला तर ऐरोलीला जाणं मला टाळता येणार नाही."

दुपारी साडेबाराला साहेब एका बँकेच्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन वर आले. अख्खा मजला घ्यायला तयार होते ते. वृंदाची नजर घड्याळावर होती, वडील वाट बघत असतील. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. स्पीकर चालूच होता.

"वृंदाताई, मी पंधरावा. जरा खाली आल्यासारखं वाटतंय. मी आता कितवा?"

अधिकारी तिच्याकडे बघू लागले. त्यांच्या पाठीमागून गद्रेसाहेब ओठ हलवून सांगत होते: चौदा, चौदा.

वृंदानं घड्याळावरची नजर काढली.

"तेरावा," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली आणि ते लिफ्टकडे वळले. साहेब त्यांच्यामागे धावले.

"बरं," मजला म्हणाला, आणि दारापासून खिडकीपर्यंत एकेक ओळ करत दिवे लागले.

वृंदानं पाटी काढून टेबलावर पालथी ठेवली आणि वडिलांना भरवायला निघाली.