उतारावरची माती

प्रभाताईंचा दवणा हॅनोव्हरमध्ये तिसऱ्यांदा कुजला. मुलाकडे राहायला येताना सासवडहून त्यांनी बियाण्याची पुडी आणली होती. चैत्रात देवाला घरचाच दवणा वाहायचा, हा नेम त्यांनी आजवर मोडला नव्हता. पण बाल्कनीतल्या कुंड्यांत सुपरमार्केटची काळीभोर, सदा ओलीचिंब माती. रोप दोन दिवसांत मान टाकायचं.

"मी जाते परत," त्या सुनेला म्हणाल्या. "इथं माझं काही रुजत नाही बाई."

"अहो आई, असं काय म्हणता?" म्हणत ऊर्मिलाने नवऱ्याकडे बघितलं.

सत्यजित जगतापचं संशोधन मातीवरच होतं. अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरउतारांवर सेजब्रश नावाचं, दवण्याच्याच कुळातलं, करड्या पानांचं झुडूप वाढतं. तिथली कुठली जमीन कशाच्या लायकीची, हे तो जर्मनीत बसून ठरवायचा. सासवडच्या घरामागचा उतार मात्र त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गावाची आठवण काढत बसणं त्याला रिकामटेकडेपणा वाटे.

"करमेल गं आई. विंटर संपू दे," एवढंच त्याचं औषध.

एका शुक्रवारी तो मातीची पिशवी घरी घेऊन आला. आगीत होरपळलेल्या एका उतारावरची माती. सोमवारपर्यंत चाळून तिचं वर्णन लिहायचं होतं. शनिवारी नवराबायको सामान आणायला गेले आणि प्रभाताईंनी पिशवीत हात घातला. खडे, बारीक मुरूम, मूठ उघडली की सुटणारी माती. थेट घरामागची. त्यांचे डोळे भरून आले. मग सासवडच्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच त्यांनी केलं. माती कुंडीत ओतली, बी पेरलं, वर पाणी शिंपडलं.

"आई, माझी माती कुठाय?"

"कुंडीत."

"अगं, सॅम्पल होतं ते. आता मी प्रोफेसरबाईंना काय सांगू?"

"माती होती म्हणून कुंडीत घातली. डब्यात भरायला ती काय साखर आहे?"

सत्यजितने कुंडीतली माती वर्तमानपत्रावर पसरून हाइत्सुंगवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरवर, वाळत टाकली. तिथले ऊर्मिलाचे मोजे खुर्चीवर गेले, खुर्चीवरचा सत्यजित जमिनीवर आला. बी पेरल्याचं प्रभाताई काही बोलल्या नाहीत. दवण्याचं बी धुळीइतकं बारीक, ते कुणाला दिसणार? शिवाय मुलगा आधीच तापलेला.

सोमवारी माती गुपचूप पिशवीत गेली. 'शेतीस अयोग्य, चराईसही अयोग्य; उतार मेलेला,' असा शेरा त्याने लिहिला. प्रोफेसर केसलरबाईंनी थोडी माती ट्रेमध्ये घालून दिव्याखाली ठेवली. होरपळलेल्या मातीत एखादं बी जिवंत आहे का, ते त्यांना पाहायचं होतं. काही आठवड्यांनी त्यांनी सत्यजितला बोलावून घेतलं.

"हेर जगताप, सेजब्रश उगवलंय." बाईंनी ट्रे त्याच्यापुढे सरकवला. "आल्झो, म्हणजेच हा उतार मेलेला नाही. आपला सगळा निष्कर्ष बदलतो. पेपरवर पहिलं नाव तुमचं."

ट्रेमध्ये करडी, कातरलेल्या पानांची रोपं उभी होती. सत्यजितने वाकून एक पान चिमटीत चुरडून हुंगलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. चैत्रातली सकाळ, आईची ओंजळ, तिच्या पदराचा वास. त्याला घर हवंसं झालं, आत्ताच्या आत्ता.

"सेजब्रशच ना?" बाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"नाइन, नाही," तो म्हणाला. "हे माझ्या आईचं आहे."

बाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. नमुना बाद, पेपर बाद, असं म्हणून ट्रे त्याच्या हातात दिला. मग एक पान तोडून स्वतःच्या खिशात टाकलं.

ट्राममध्ये ट्रे मांडीवर घेऊन सत्यजित घरी आला.

"आई, तू म्हणत होतीस ना, परत जायचं? चैत्राला जाऊ या. मीही येतो. मला आपला उतार बघायचाय."

प्रभाताईंनी ट्रे खिडकीत ठेवला आणि रोपांवरून हळूच हात फिरवला.

"आता? आणि याला पाणी कोण घालणार?"

"ऊर्मिला आहे ना."

"ती बदाबदा ओतती. कुजवून टाकील." त्यांनी ट्रे जरा उन्हाकडे सरकवला. "तू ये की जाऊन. देवाला म्हणावं, आई दवण्यात गुंतलीय."